फरक दिसला तो दुसऱ्याने मोजल्यावर: मित्सुबिशीच्या छोट्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज, २०१६

२० एप्रिल २०१६ ला मित्सुबिशी मोटर्सचे अध्यक्ष तेत्सुरो आइकावा टोकियोत पत्रकारांसमोर कमरेत वाकून उभे राहिले. कंपनीने कबूल केलं की चार छोट्या गाड्यांच्या इंधनचाचणीत गाडीला होणारा रोध, म्हणजे हवा आणि टायर करतात तो अडथळा, मुद्दाम कमी दाखवला होता. अशा गाड्या होत्या ६ लाख २५ हजार. त्यातल्या १ लाख ५७ हजार मित्सुबिशीने स्वतःच्या नावाने विकल्या होत्या, ईके वॅगन आणि ईके स्पेस. उरलेल्या ४ लाख ६८ हजार निस्सानला बनवून दिल्या होत्या, डेझ आणि डेझ रूक्स या नावांनी. म्हणजे चारातल्या तीन गाड्यांवर बिल्ला दुसऱ्याचा होता.

मोटारींच्या घोटाळ्यांत फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण जास्त गाजलं. पण अ‍ॅव्हरेज मोजायचं कसं आणि दोन गाड्यांची तुलना करायची कशी, हे समजून घ्यायला मित्सुबिशीचं प्रकरण जास्त उपयोगी आहे असं मला वाटतं. इथे चोरटं सॉफ्टवेअर नाही, लपवलेला सुटा भाग नाही. एका साध्या मोजणीतला एक आकडा आहे, आणि तो वर्षानुवर्षं कोणी दुसऱ्यांदा मोजलाच नाही.

या गाड्या जपानी ‘केई’ वर्गातल्या. इंजिन जास्तीत जास्त ६६० सीसी, लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत. कर कमी, विमा स्वस्त, आणि गावाकडे घरटी एक तरी. जपानची वॅगन आर याच वर्गातली. आपल्याकडच्या वॅगन आरशी तिचं नाव आणि तोंडवळा जुळतो, इंजिन नाही. या वर्गात गिऱ्हाईक पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा विचारतं, आणि जपानमध्येही ते आपल्यासारखंच लिटरला किलोमीटरमध्ये सांगतात.

२०११ च्या सुरुवातीला नव्या ईके वॅगनसाठी मित्सुबिशीने लिटरला २६.४ किलोमीटरचं लक्ष्य ठेवलं होतं. पुढच्या दोन वर्षांत ते पाच वेळा वाढवलं आणि २९.२ वर नेलं. हा आकडा कुठून आला ते बघायला लांब जावं लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये सुझुकीची नवी वॅगन आर २८.८ चा दावा करत आली. डिसेंबरमध्ये दायहात्सुने मूव्ह बाजारात आणली, २९.० ला. जून २०१३ मध्ये ईके वॅगन आली ती बरोब्बर २९.२ घेऊन.

आता २९.० आणि २९.२ यांतला फरक लिटरमध्ये काढून बघा. दहा हजार किलोमीटरला पहिली गाडी ३४४.८ लिटर पेट्रोल पिणार, दुसरी ३४२.५ लिटर. सव्वादोन-अडीच लिटरचा प्रश्न, तोही वर्षभराच्या धावण्यात. एवढं पेट्रोल टायरमधली हवा चार-दोन पौंड कमी राहिली तरी सहज जातं. पण जाहिरातीत ‘वर्गात पहिली’ असं छापायला ०.२ पुरतात. लिटरला किलोमीटर या मापाची ही जुनी खोड आहे: आकडे मोठे झाले की फरकही मोठे वाटायला लागतात, आणि प्रत्यक्षात वाचणारं पेट्रोल मात्र आटत गेलेलं असतं. शंभर किलोमीटरला किती लिटर असं युरोपसारखं मोजलं असतं तर ३.४५ आणि ३.४२ अशी स्पर्धा झाली असती, आणि तिच्यावर कोणी घोषवाक्य लिहिलं नसतं.

आकडा बनतो कसा?

कॅटलॉगमधलं अ‍ॅव्हरेज रस्त्यावर मोजत नाहीत. गाडी प्रयोगशाळेत चासी डायनॅमोमीटरच्या रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच राहते. समोरच्या पडद्यावर वेगाची रेघ चालू असते आणि ड्रायव्हर ती पायाने गिरवतो. त्या वेळी जपानमध्ये या ठरलेल्या रेघेला, म्हणजे चाचणीचक्राला, जेसी०८ असं नाव होतं: १,२०४ सेकंद, ८.१७ किलोमीटर, सरासरी वेग ताशी २४.४ किलोमीटर आणि सर्वाधिक ८१.६. टेलपाइपमधून आलेला वायू गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं ते काढतात. हा सगळा भाग चोख असतो. यंत्रं नीट लावलेली, तापमान ठरलेलं, इंधनही ठरलेलं.

पण रोलरला समोरून येणारा वारा माहीत नसतो. रस्त्यावर गाडीला हवा अडवते, टायर दबतात, बेअरिंग घासतात. हा रोध रोलरला आधी सांगावा लागतो, मग रोलर तेवढाच जड होतो. जड सांगितला तर गाडी जास्त पेट्रोल पिते, हलका सांगितला तर कमी. म्हणजे प्रयोगशाळेतला शंभर टक्के अचूक आकडा उभा असतो तो प्रयोगशाळेबाहेर घेतलेल्या एका मोजमापावर.

ते मोजमाप म्हणजे कोस्टडाउन. एक लांब, सपाट, सरळ ट्रॅक लागतो, कोरडा, आणि वारा जवळपास पडलेला. गाडी पळवायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि सोडून द्यायचं. ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलरेटर नाही. मग घड्याळ लावून बघायचं की ताशी ८५ वरून ७५ वर यायला किती सेकंद लागले, ७५ वरून ६५ वर यायला किती, असं खालपर्यंत. त्याच ट्रॅकवर उलट दिशेनेही तेच करायचं, म्हणजे थोडा उतार किंवा वाऱ्याची झुळूक असली तरी ती दोन्ही बाजूंना वाटली जाते. असं काही वेळा करून सरासरी घ्यायची.

हिशेब शाळेतला आहे. समजा गाडी ड्रायव्हरसकट ९०० किलोची आहे आणि ८५ वरून ७५ वर यायला तिला ८ सेकंद लागले. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. भागिले ८, गुणिले ९००, उत्तर सुमारे ३१२ न्यूटन. हाच ८० च्या वेगाला होणारा रोध. आता घड्याळात ९ सेकंद आले असते तर? २७८ न्यूटन. एका सेकंदात रोध अकरा टक्क्यांनी उतरला. आणि एका सेकंदाचा फरक पडायला फार काही लागत नाही. गार सकाळऐवजी तापलेली दुपार, घट्ट हवा भरलेले टायर, पाठीमागून हलका वारा. म्हणूनच नियमात दोन्ही दिशा आणि सरासरी आली. रोध अकरा टक्के कमी सांगितला की अ‍ॅव्हरेज अकरा टक्के वाढतं असं मात्र नाही. सिग्नलला उभं राहून जळणारं आणि पुन्हा वेग घेताना जळणारं पेट्रोल रोधावर अवलंबून नसतं. पण वाढतं, आणि भरपूर वाढतं.

मित्सुबिशीने इथेच हात घातला. एकाच गाडीच्या अनेक कोस्टडाउन नोंदींपैकी मधली किंवा सरासरी घ्यायची सोडून खालच्या टोकाची उचलली. चाचण्या थायलंडमध्ये घेतल्या होत्या. सगळ्या मॉडेलांच्या घेतल्याही नव्हत्या. सर्वाधिक अ‍ॅव्हरेजचा दावा असलेली गाडी ट्रॅकवर पळवली आणि बाकीच्यांचे आकडे टेबलावर बसून त्यातून काढले. त्याशिवाय मोजायची पद्धतच नियमातली नव्हती. जपानच्या कायद्याने १९९१ मध्ये वर सांगितलेली कोस्टडाउनची पद्धत ठरवून दिली, आणि मित्सुबिशी त्या वर्षापासूनच देशातल्या गाड्यांसाठी दुसरी पद्धत वापरत होती. त्यात गाडी बऱ्याच जास्त वेगातून सोडायची आणि सेकंदासेकंदाला वेग टिपायचा. वेळ कमी लागतो, ट्रॅक कमी अडकतो. शास्त्र म्हणून तीही पद्धत टाकाऊ नाही. पण सरकारी अर्जावर नियमातल्या पद्धतीचे आकडे भरायचे असतात, म्हणून ते उलटा हिशेब करून बसवले जात होते. पंचवीस वर्षं.

बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने ऑगस्ट २०१६ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक नोंद मला सगळ्यात बोलकी वाटते. २००५ मध्ये नव्याने लागलेल्या एका कर्मचाऱ्याने प्रशिक्षणानंतरच्या बैठकीत सांगितलं होतं की आपण कायद्यातली पद्धत वापरत नाही, ती वापरायला हवी. वरिष्ठ समोर होते. काहीही बदललं नाही. त्याच्या आदल्याच वर्षी या कंपनीवर रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, दडपल्याचा ठपका दुसऱ्यांदा आलेला होता, तरीही.

गाडीवाल्यांना का कळलं नाही?

खरा प्रश्न हाच आहे. सहा लाखांवर गाड्या, जवळपास तीन वर्षं रस्त्यावर. जपानमध्ये टाकी भरल्याची नोंद ठेवणारे लोक कमी नाहीत. तरीही ‘माझी गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’ या तक्रारीतून हे प्रकरण बाहेर आलं नाही. येणं अवघडच होतं. कॅटलॉगचा आकडा रस्त्यावर मिळत नाही हे प्रत्येकाने गृहीत धरलेलं असतं. ३० ची गाडी २१ देते. आता त्यातलं किती ट्रॅफिकमुळे गेलं, किती एसीमुळे, किती उजव्या पायामुळे आणि किती कंपनीने मारलेल्या थापेमुळे, हे एका गाडीवाल्याला टाकीवरून सांगता येत नाही.

पंपावरची मोजणी किती कच्ची असते ते जवळून बघण्यासारखं आहे. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची, किलोमीटर भागिले लिटर. टाकी टू टाकी. पद्धत उत्तम आहे. अडचण ‘फुल’ म्हणजे नक्की किती यात आहे. नोझल ऑटो कट होतो तो टाकीतल्या पातळीइतकाच पेट्रोलच्या फेसावर आणि नोझल किती आत घातलाय त्यावर ठरतो. गाडी किंचित कलती उभी असेल, पंप बदलला असेल, किंवा कट झाल्यावर पंपवाल्याने आकडा राउंड करायला अजून दोनदा दाबलं असेल, तर लिटरभर इकडे-तिकडे होतं. छोट्या गाडीत एका वेळी २५ लिटर बसत असतील तर एक लिटर म्हणजे चार टक्के. एका टाकीवरून काढलेलं अ‍ॅव्हरेज दोन दशांशांपर्यंत सांगणारे लोक भेटतात. त्यातला पहिला दशांशसुद्धा खरा नसतो.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. टाकी-टाकीचं अ‍ॅव्हरेज काढून त्यांची सरासरी घेत बसू नये. सगळे किलोमीटर एकत्र मिळवावेत, सगळे लिटर एकत्र मिळवावेत, आणि शेवटी एकदाच भागावं. मधल्या टाक्यांमधली कमी-जास्त एकमेकांत जिरते, चूक राहते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची. दहा टाक्यांत, म्हणजे २५० लिटरमध्ये, ती लिटरभर चूक अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. सरासरीची सरासरी घेतल्यावर आणखी एक गोंधळ होतो. ३०० किलोमीटर हायवेला २० च्या अ‍ॅव्हरेजने गेलात आणि ३०० किलोमीटर शहरात १२ ने, तर एकूण अ‍ॅव्हरेज १६ होत नाही. पंधरा आणि पंचवीस मिळून चाळीस लिटर लागले, ६०० भागिले ४०, म्हणजे १५.

पण मोजणी कितीही पक्की केली तरी तुलना पक्की होत नाही. तुमची डेझ आणि शेजाऱ्याची वॅगन आर यांत ड्रायव्हर वेगळा, रस्ता वेगळा, ऋतू वेगळा. हे फरक सहज वीस-पंचवीस टक्क्यांचे असतात आणि त्यात दहा टक्क्यांची लबाडी आरामात बुडून जाते. शेकडो गाड्यांच्या नोंदी एकत्र केल्या तर एखादं मॉडेल कॅटलॉगपासून इतरांपेक्षा जास्त लांब आहे एवढं दिसू शकतं. का लांब आहे ते मात्र त्यातून कळत नाही.

निस्सानला कळलं, कारण त्यांनी एकच गोष्ट बदलून बाकी सगळं तसंच ठेवलं. डेझची पुढची पिढी निस्सानच्या पुढाकाराने बनवायचं ठरलं होतं. त्या कामासाठी चालू मॉडेल संदर्भ म्हणून मोजायला घेतलं, आणि आपल्या मोजणीतला आकडा मित्सुबिशीने दिलेल्या आकड्याशी जुळेना. गाडी तीच, चक्र तेच, रोलर जातीचा तोच. मग उरतो रोध. रोध कसा ठरवला असं निस्सानने मित्सुबिशीला विचारलं, मित्सुबिशीने आत चौकशी केली, आणि ती एप्रिलच्या पत्रकार परिषदेपर्यंत येऊन थांबली. यात कोणाची संशयी नजर नव्हती, कोणी पोलिसी तपास केला नाही. नेहमीच्या कामातली दुसरी मोजणी होती. ती तीन वर्षं आधी का झाली नाही, हा प्रश्न निस्सानलाही विचारण्यासारखा आहे. तोवर त्यांनी त्याच आकड्यावर साडेचार लाखांवर गाड्या विकल्या होत्या.

मित्सुबिशीचं नाव येताच जपान सरकारने सगळ्या कंपन्यांना आपापल्या पद्धती तपासायला सांगितलं, आणि मे महिन्यात सुझुकीनेही कबुली दिली. त्यांनीही नियमातला कोस्टडाउन केला नव्हता, २१ लाख गाड्यांच्या बाबतीत. कारण ऐकण्यासारखं आहे: शिझुओका प्रांतातला त्यांचा सागारा ट्रॅक समुद्राजवळच्या टेकडीवर आहे आणि तिथे वारा पडतच नाही. म्हणून टायर, ब्रेक, गिअरबॉक्स यांचा रोध बंद खोलीत वेगवेगळा मोजून त्यांची बेरीज केली जात होती. नियम मोडला हे खरंच. पण नियमाप्रमाणे फेरमोजणी केली तेव्हा गाड्या जाहीर आकड्यापेक्षा वाईट निघाल्या नाहीत. भारतातल्या मारुतींचा याच्याशी संबंध नव्हता, सुझुकीने हा विषय जपानपुरता असल्याचं सांगितलं. दोन कंपन्यांचा गुन्हा कागदावर सारखाच दिसतो. मला तो सारखा वाटत नाही. एकीने वेगळ्या फूटपट्टीने मोजलं. दुसरीने फूटपट्टी बदललीच, वर अनेक मापांतलं सोयीचं तेवढं उचललं.

आणि ती सवय किती मुरली होती ते पुढे दिसलं. प्रकरण उघड झाल्यावर मित्सुबिशीने इतर मॉडेलांची फेरमोजणी केली. तिथेही नियमापेक्षा जास्त वेळा गाडी पळवून चांगल्या नोंदी निवडल्या, असं सरकारी तपासणीत आढळलं. आणखी आठ मॉडेलांची विक्री त्या ऑगस्टच्या शेवटी थांबवावी लागली.

परिणाम थोडक्यात. ओकायामा प्रांतातल्या मिझुशिमा कारखान्यात या गाड्यांचं उत्पादन जुलैपर्यंत बंद राहिलं. शेअर कोसळला आणि मे महिन्यात निस्सानने २३७ अब्ज येन मोजून कंपनीतला ३४ टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. आइकावा पायउतार झाले. जानेवारी २०१७ मध्ये सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी सुमारे ४८ कोटी येनचा दंड लावला. त्या कायद्यात अशा दंडाची सोय नव्यानेच झाली होती आणि तो पहिल्यांदा लागला तो इथे.

सरकारने गाड्या स्वतः मोजल्या तेव्हा काही प्रकारांत फरक पंधरा टक्क्यांच्या आसपास निघाला. ३०.४ छापलेल्या गाडीचे पंधरा टक्के काढले की राहतात २५.८. दहा हजार किलोमीटरला ३२९ लिटरऐवजी ३८८, म्हणजे ५९ लिटर जास्त. तेव्हा जपानमध्ये पेट्रोल लिटरला १२० येनच्या आगेमागे होतं, म्हणजे सात हजार येन. रस्त्यावर दोन्ही आकडे आणखी खाली येतात हे धरून दहा हजार म्हणू. कंपनीने प्रत्येक गाडीवाल्याला सरसकट एक लाख येन दिले. एक लाख किलोमीटर चालवणाऱ्याचं नुकसान त्यात भरून निघतं, आणि महिन्यातून चार वेळा बाजारात जाणाऱ्या आजीबाईंना तेवढेच मिळतात.

त्याच्या चार वर्षं आधी अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांनी हेच वेगळ्या रीतीने सोडवलं होतं. तिथेही चूक कोस्टडाउनमध्येच होती आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पर्यावरण खात्याच्या फेरतपासणीतून बाहेर आली. सुमारे नऊ लाख गाड्यांवरचे आकडे खाली आणावे लागले. तिथे गाडीवाल्याने ओडोमीटर दाखवायचा, जुन्या आणि नव्या आकड्यांतल्या फरकाने किती जास्त इंधन लागलं ते काढायचं, त्या भागातल्या पेट्रोलच्या भावाने गुणायचं, वर १५ टक्के मनस्तापाचे. प्रत्यक्ष चालवलेल्या किलोमीटरला धरून असल्यामुळे हा हिशेब मला जास्त पटतो. त्यात त्रास हा की फसलेल्याने पुन्हा पुन्हा शोरूमला जाऊन पुरावा द्यायचा. जपानी पद्धत ढोबळ होती, पण पैसे एकदाचे हातात येत होते.

आपल्याकडे गाडीच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात ‘एआरएआय प्रमाणित’ असं छापलेलं असतं. एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था, तिचं मुख्य ठिकाण पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. आपलं चाचणीचक्र वेगळं आहे, १,१८० सेकंदांचं, सर्वाधिक वेग ताशी ९०. पण इथेही रोलरला रोध आधी सांगावाच लागतो. दोन गाड्यांचे प्रमाणित आकडे शेजारी ठेवून निवड करताना एक-दीड किलोमीटरच्या फरकाकडे मी बघतही नाही. चार-पाचचा फरक असेल तर थांबतो, आणि मग त्याच शहरातल्या दोन-तीन टॅक्सीवाल्यांना विचारतो. त्यांचे रस्ते आणि तास जवळपास सारखे असतात आणि पेट्रोल-सीएनजीचा हिशेब रोजच्या रोज होतो. त्यांना अ‍ॅव्हरेज विचारलं की बहुतेकदा उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही. दिवसाला किती रुपयांचं भरावं लागतं, ते सांगतात.